२१६ आणि २१५ : पिस्तुलाच्या वेळेच्या चाचणीचं एक प्रकरण

(मुलींची नावं बदलली आहेत. क्लबचं नाव दिलेलं नाही.)

पार्श्वभूमी

कोल्हापूरला नेमबाजीचं अप्रूप राहिलेलं नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं, आणि त्यानंतर आमच्याकडे प्रवेशासाठी पालकांची रांग लागली. कागल, हातकणंगले, गडहिंग्लज, कुठून कुठून मुलं येऊ लागली. बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानं होते. ते सोयीचं आहे, छऱ्यांचा खर्च परवडतो, जागाही कमी लागते.

अडचण येते ती २५ मीटरवर. तिथे .२२ चं पिस्तूल लागतं, काडतुसं मोजूनमापून मिळतात आणि लेन थोड्या. मी ज्या क्लबवर मुलींना शिकवते तिथे एअर पिस्तुलात तयार झालेल्या नऊ मुली २५ मीटरसाठी उत्सुक होत्या आणि जागा चार होत्या.

२५ मीटर महिला पिस्तूल हा ६० शॉटचा खेळ. पहिले ३० प्रिसिजनचे, पाच शॉटला पाच मिनिटं, म्हणजे निवांत. पुढचे ३० रॅपिडचे. ‘अटेन्शन’ झालं की लाल दिवा लागतो. हात ४५ अंशांत खाली ठेवून थांबायचं. सात सेकंदांनी हिरवा दिवा लागतो आणि तीन सेकंद राहतो. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी झाडायची. मग पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. असे पाच शॉट झाले की एक सिरीज, आणि अशा सहा सिरीज. रॅपिडच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आहे, प्रिसिजनच्या बरोबर दुप्पट. तरीही रॅपिडमध्ये पोरी रडवेल्या होतात, कारण वर्तुळ मोठं असलं तरी घड्याळ हलत नाही. उशिरा गेलेल्या गोळीला शून्य.

अडचण

चार जणी निवडायच्या कशा, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. एका सदस्यांना प्रॅक्टिकल शूटिंगची चांगली माहिती होती आणि त्यांनी त्या धर्तीवर चाचणी सुचवली. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये गुणांना सेकंदांनी भागतात. त्याला हिट फॅक्टर म्हणतात. जेफ कूपर यांनी बसवलेली ‘एल प्रेसिडेंटे’ ही त्या जगातली प्रसिद्ध चाचणी: दहा यार्डांवर तीन टार्गेट, पाठमोरं उभं राहून वळायचं, पिस्तूल काढायचं, प्रत्येकावर दोन-दोन गोळ्या, मॅगझीन बदलायचं, पुन्हा दोन-दोन. बारा गोळ्यांसाठी दहा सेकंद ही तिची जुनी कसोटी. पिस्तूल कमरेवरून काढणं वगैरे आमच्या मुलींच्या बाबतीत प्रश्नच नव्हता, पण भागाकार मात्र उचलला गेला. रेडी पोझिशनमधून, म्हणजे हात ४५ अंशांत खाली ठेवून, दहा शॉट, प्रत्येक शॉटचा वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर, शेवटी एकूण गुण भागिले एकूण सेकंद.

चाचणी जुलैच्या एका पावसाळी दुपारी झाली. रेवा पहिली आली: ७० गुण, १३ सेकंद, म्हणजे ५.३८. मुक्ता सातवी: ९४ गुण, ३१ सेकंद, म्हणजे ३.०३. मुक्ता एअर पिस्तुलात क्लबमधली सर्वांत भरवशाची मुलगी. तिच्या १० शॉटपैकी एकही आठच्या बाहेर गेला नव्हता. रेवाच्या टार्गेटवर पाचपासून दहापर्यंत सगळीकडे भोकं होती. यादी त्याच संध्याकाळी फलकावर लागली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताचे वडील भेटायला आले. शेतकरी माणूस, आवाज चढवण्याचा स्वभाव नाही. म्हणाले, “मॅडम, पोरगी मागं राहिली म्हणून माझी तक्रार न्हाई. पर ती कशात मागं राहिली ते तरी सांगा. म्हंजे तेवढं तरी तिला शिकता येईल.”

त्याचं उत्तर त्या ३.०३ या आकड्यात नव्हतं. मुक्ता हळू आहे की अचूक नाही, हळू असेल तर कुठे हळू, हे त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. शिवाय तो आकडा आमच्या खेळाचा नव्हताच. आमच्या खेळात वेळेला किंमत नाही, वेळेची भिंत आहे. गोळी दीड सेकंदाला गेली काय नि २.९ ला गेली काय, दहा म्हणजे दहाच. लवकर झाडल्याचा गुण कुणी देत नाही. भागाकार मात्र लवकर झाडणारीला बक्षीस देत होता, आणि रेवाला ते तिच्या स्वभावानुसार आपोआप मिळालं.

पर्याय

कार्यकारिणीची बैठक झाली तेव्हा चार मतं पुढे आली.

एक, यादी लावली आहे, ती बदलू नये. यात तथ्य होतं. निवडल्या गेलेल्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना शब्द दिल्यासारखं झालं होतं.

दोन, एअर पिस्तुलाचे स्कोअर धरावेत. हे सोपं आणि गोळ्या वाचवणारं होतं, पण मला पटलं नाही. एअर पिस्तुलात ६० शॉटला सव्वा तास असतो. चित्र बरोबर दिसलं नाही तर हात खाली घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची, ही तिथली शिस्त. तीच शिस्त रॅपिडमध्ये घात करते. कोणती मुलगी हा बदल पेलेल हे एअर पिस्तुलाचा स्कोअर सांगत नाही.

इथे मी बैठकीत राहीच्या २०१८ च्या आशियाई सुवर्णाचं उदाहरण दिलं. त्या स्पर्धेत प्राथमिक फेरीत मनू भाकर ५९३ गुणांनी पहिली होती आणि राही ५८० गुणांनी सातवी. अंतिम फेरीची रीत वेगळी: सगळे रॅपिड शॉट, आणि गोळीला १०.२ किंवा जास्त मिळाले, म्हणजे ती दहाच्या वर्तुळातही थोडी आत बसली, तर एक गुण, नाही तर शून्य. तिथे राही थायलंडच्या नेमबाजाबरोबर ३४ वर बरोबरीत आली, शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा शॉटमध्ये, जिंकली आणि मनू सहावी राहिली. दोघी जागतिक दर्जाच्या, दिवस एकच, पिस्तूल तेच. मोजायची पद्धत बदलली आणि क्रम उलटला. मग आपण कोणती पद्धत धरतो याचा विचार न करता मुलींना नंबर कसे द्यायचे?

तीन, स्पर्धेत जसं होतं तसंच, तीन सेकंदांच्या दिव्यावर ३० शॉट घ्यावेत.

चार, तेच करावं, पण प्रत्येक शॉटचा वेळ आणि गुण वेगळा लिहावा, भागाकार नको, आणि निदान दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावं.

चौथा पर्याय कागदावर सगळ्यांना आवडला आणि खजिनदारांनी हिशेब मांडल्यावर सगळे गप्प झाले. नऊ मुली, प्रत्येकी ३०, दोन दिवस, म्हणजे ५४० काडतुसं. ५० च्या डब्या धरल्या तर अकरा डब्या, नुसत्या निवडीत.

तरी ३० च्या खाली जाऊ नये यावर मी अडून बसले. कारण साधं आहे. समजा एखादी मुलगी खरोखर शंभरात ७० शॉट नऊच्या वर्तुळात बसवणारी आहे. तिची पाच शॉटची सिरीज घेतली, तर सरासरी सहा सिरीजमागे एकदा तिचे पाचच्या पाच बसतील, आणि सहा सिरीजमागे एकदा दोन किंवा त्याहूनही कमी बसतील. मुलगी तीच, तिचं कसबही तेच. पहिली सिरीज बघणारा तिला चॅम्पियन म्हणेल, दुसरी बघणारा घरी पाठवेल. दहा शॉटवर मुलीचं वर्ष ठरवायचं म्हणजे नाणं उडवण्याच्या जवळ जाणं आहे, आणि ज्या पोरी पहाटेची एसटी पकडून येतात त्यांच्याशी असं वागण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे मी बैठकीत जरा जोरातच बोलले.

शेवटी मधला मार्ग निघाला. पहिल्या दिवशी नऊही जणींना ३० शॉट. ज्या स्पष्ट पुढे किंवा स्पष्ट मागे असतील त्यांचा निर्णय तिथेच. चौथ्या जागेच्या आसपास ज्या दाटीनं असतील, फक्त त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी ३०.

काय केलं

चाचणी सकाळी घेतली. जुलैत दुपारनंतर ढग उतरले की टार्गेटच्या काळ्यावर काळी फोरसाइट (नळीच्या टोकावरची माशी) शोधावी लागते, आणि शोधण्यात गेलेला वेळ मुलीच्या नावावर पडतो. स्टॉपवॉच बंद केलं. हिरवा दिवा दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि आपण तीन सेकंदांत भांडणं सोडवायला बसलो होतो. त्याऐवजी दोन मोबाइल लावले. एक मागून, म्हणजे दिवा आणि पिस्तूल एकाच चौकटीत दिसतील. दुसरा बाजूनं, ट्रिगरच्या बोटावर. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर तीन सेकंदांच्या ७२० फ्रेम होतात. नंतर बसून मोजायच्या.

पहिल्या दिवशी तीन जणी स्वच्छ पुढे निघाल्या. चौथ्या जागेवर आल्या मुक्ता आणि रेवा: मुक्ता २१६, रेवा २१५.

एक गुणाचा फरक. पण गुणपत्रिका उलगडली तेव्हा दोघींत कशाचाच मेळ नव्हता. मुक्ताच्या ३० पैकी ७ गोळ्या उशिरा गेल्या, सातही शून्य. उरलेल्या २३ मध्ये २१६ गुण, म्हणजे शॉटमागे ९.४ च्या आसपास. रेवाच्या तीसही गोळ्या वेळेत, पण शॉटमागे जेमतेम सव्वासात. एकीला वेळ पुरत नव्हता आणि दुसरी वेळ वापरत नव्हती. भागाकारानं एकीला पहिली आणि एकीला सातवी केलं होतं. नुसत्या बेरजेनं दोघींना सारखं केलं. दोन्ही आकडे अपुरेच.

मुक्ताचा व्हिडिओ मी तिच्याबरोबर बसूनच पाहिला. एका उशिरा गेलेल्या शॉटचं असं: हिरवा दिवा लागल्यावर ७० व्या फ्रेमला हात हलतो. २६० व्या फ्रेमला पिस्तूल काळ्यात शिरतं. ४०० व्या फ्रेमला स्थिरावतं, म्हणजे दिवा लागून पावणेदोन सेकंदही झालेले नाहीत. इथवर सगळं उत्तम. आणि मग ४०० पासून ७४५ पर्यंत काहीच घडत नाही. पिस्तूल जागेवर आहे, फोरसाइट मागच्या साइटच्या खाचेत आहे, पोरगी वाट बघते आहे. दिवा ७२० ला गेलेला असतो. बाजूच्या मोबाइलवर कारण दिसलं: हात वर येईपर्यंत तिचं बोट ट्रिगरला नुसतं टेकलेलं होतं. ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो; पहिला टप्पा ती पिस्तूल स्थिरावल्यानंतर घ्यायला सुरुवात करत होती, आणि तोही चाचपडत. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, मोठ्या हाताची होती. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर पुरतं पोचतच नव्हतं. क्लबचं पिस्तूल, मिळेल ती ग्रिप.

मुक्ता स्क्रीनकडे बघत म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं माझा हात हळू आहे.” हात हळू नव्हता. तिनं घरी आरशासमोर हात झपाझप वर आणायचा सराव सुरू केला होता, आणि त्यानं काहीच साधलं नसतं.

रेवाच्या व्हिडिओत उलटं. पिस्तूल काळ्यात शिरलं रे शिरलं की गोळी. सव्वा-दीड सेकंदात खेळ खलास, आणि पुढचा दीड सेकंद हिरवा दिवा नुसता जळतो आहे.

दुसऱ्या दिवशीच्या ३० शॉटमध्येही दोघी एकमेकींच्या दोन-तीन गुणांत राहिल्या. तेव्हा जागा कुणाला, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुक्ताचा दोष लवकर सुटेल, म्हणून तिला घ्या, असं माझं मत होतं. कार्यकारिणीतल्या दोघांचं म्हणणं होतं की न घाबरता झाडणारी मुलगी स्पर्धेत टिकते, रेवाला घ्या. दोन्ही अंदाजच होते. अखेर चौथी लेन दोघींना दिवसाआड वाटून द्यायचं ठरलं, गोळ्याही अर्ध्या-अर्ध्या.

पहिल्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर असलेली मुलगी या फेरीत सहावी आली आणि तिची जागा गेली.

सरावात दोघींना वेगळं काम दिलं. मुक्तासाठी धाकटी ग्रिप शोधली आणि लाकूडकाम करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून ती तिच्या हाताप्रमाणे घासून घेतली. तिला ‘लवकर मार’ हे शब्द कुणीही म्हणायचे नाहीत, असं सगळ्यांना बजावलं. हात वर येतानाच पहिल्या टप्प्याचं वजन बोटावर घ्यायचं, पिस्तूल थांबेल तेव्हा थोडंच उरलं पाहिजे, एवढंच. सुरुवात ड्रायनं, गोळी न भरता. दिव्याची वेळ आधी पाच सेकंद, मग चार, मग तीन. रेवाला उलटी अट: दोन सेकंदांच्या आत गोळी गेली तर तो शॉट मोजायचा नाही. तिला याचा फार जाच झाला. पहिले काही आठवडे तिचे गुण खाली आले आणि “पहिली आले होते तेच बरं होतं,” असं ती मैत्रिणींना म्हणाली.

निष्पत्ती

सुमारे तीन महिन्यांनी तीच ३० शॉटची चाचणी झाली. मुक्ता २६४. एक गोळी उशिरा, बाकी २९ मध्ये सरासरी ९.१. म्हणजे अचूकता थोडी उतरली, पण सहा शून्यं गेली. हा सौदा फायद्याचा आहे: उशिरा गेलेली एक गोळी तिच्याकडून नऊ-साडेनऊ गुण घेऊन जात होती. रेवा २५४, तीसही वेळेत, शॉटमागे साडेआठच्या जवळ.

यावर समाधान मानण्याआधी मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. तीन महिने ज्या चाचणीचा सराव केला तीच पुन्हा घेतली, तर गुण वाढणारच. त्यातला किती भाग कसबाचा आणि किती सवयीचा? म्हणून स्टँडर्ड पिस्तूल या वेगळ्या प्रकारातल्या सिरीज घेतल्या. तिथे पाच शॉट सलग झाडायचे असतात, आधी १५० सेकंदांत, मग २० आणि शेवटी १० सेकंदांत. १५० ला मुक्ता पुढे. २० ला जवळपास बरोबरी. १० सेकंदांत मुक्ता कोसळली: पहिले दोन शॉट सुंदर, मग झटक्यानंतर पिस्तूल परत जागेवर येण्याची वाट पाहण्यात वेळ संपला आणि शेवटची गोळी मॅगझीनमध्येच राहिली. रेवाचे पाचही शॉट सुटले आणि तिच्या नेहमीच्या मानानं दाटही होते. एकेक शॉटच्या चाचणीत मागची असलेली रेवा इथे सरळसरळ सरस ठरली.

तिसऱ्या क्रमांकाची ती मुलगी मात्र क्लब सोडून गेली. तिला एअर पिस्तूल चालू ठेव म्हणून मी दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महागात पडलं ते यादी त्याच संध्याकाळी लावणं. चाचणी नवी होती, ती काय मोजते हे कुणी तपासलं नव्हतं. आठवडाभर थांबून आधीच तयार असलेल्या दोन-तीन ज्येष्ठ नेमबाजांना तीच चाचणी दिली असती, तरी भागाकाराचा दोष उघडा पडला असता: रॅपिडमध्ये चांगली असलेली ज्येष्ठ मुलगी गोळी दोन-अडीच सेकंदांवर सोडते, आणि या सूत्रात ती रेवाच्या खाली गेली असती. मग एका मुलीला जागा देऊन काढून घेण्याची वेळ आली नसती. यादी बदलणं योग्यच होतं, असं मला आजही वाटतं. पण जिनं चूक केली नाही तिनं त्याची किंमत दिली, हेही खरं आहे. तिला अर्धा दिवस तरी लेन देता आली असती. तो पर्याय बैठकीत कुणी मांडला नाही.

दुसरी जागा साहित्याची. नऊ मुलींना चार-पाच ग्रिप फिरवून वापरायला दिल्या आणि निकाल मात्र मुलींच्या नावावर लिहिला. चाचणीआधी प्रत्येकीचं पेर ट्रिगरवर कुठे बसतं एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. मुक्ताच्या सात शून्यांपैकी किती ग्रिपची होती आणि किती सवयीची, हे आता वेगळं करता येणार नाही, कारण दोन्ही दुरुस्त्या एकदमच केल्या. आधी नुसती ग्रिप बदलून ३० शॉट घेतले असते तर कळलं असतं.

तिसरी, लेन वाटून देण्याची. ती तडजोड माणुसकीची होती, पण दोघींना निम्म्याच गोळ्या मिळाल्या. पूर्ण कोटा मिळालेल्या पहिल्या तिघी या काळात दोघींच्या बऱ्याच पुढे गेल्या. एअर पिस्तुलावर १० मीटरला तीन सेकंदांच्या दिव्याचा सराव दिला असता तर हे अंतर थोडं भरून निघालं असतं. हात वर आणणं आणि पहिला टप्पा घेणं शिकायला काडतूस लागत नाही. ते आता सुरू केलं आहे.

पुढच्या निवडीसाठी कार्यकारिणीनं तक्ता बदलला. प्रत्येक शॉटपुढे दोन रकाने, वेळ आणि गुण, आणि भागाकाराची जागाच ठेवलेली नाही. उशिरा गेलेल्या गोळ्या वेगळ्या मोजायच्या. ३० शॉट सकाळी, चौथ्या-पाचव्या जागेचा फरक दहा गुणांच्या आत असेल तर दुसरा दिवस, आणि शेवटी १० सेकंदांच्या दोन सिरीज, ज्या निवडीत धरायच्या नाहीत पण प्रशिक्षकाला दिसल्या पाहिजेत. तक्त्याची प्रत मुलीच्या घरी द्यायची. यादी आठ दिवसांनी.

मुक्ता सध्या १० सेकंदांच्या सिरीजवर अडली आहे आणि रेवा प्रिसिजनवर. काडतुसांचा पुढचा कोटा आला की दोघींची एकाच सकाळी पुन्हा चाचणी आहे.